बारा वाजता सहा टोले

पपा,

घरात मी तुला कायम 'तू'च म्हणत आले. बाहेर बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, तिथली भाषा अंगात मुरली, आणि आता तुला लिहायला बसले तरी हातातून तीच मराठी उतरते आहे. त्याला माझा इलाज नाही. पण 'तुम्ही' मात्र लिहवत नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा बसते आहे ही. एकदा गॅस बंद केला का ते बघायला उठले, तो बंदच होता. एकदा काहीही कारण नसताना मागच्या दारी जाऊन उभी राहिले. शेजाऱ्यांच्या खळ्यात भात झोडताहेत, त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांनी काही विचारलं तर काय सांगायचं ते सुचेना म्हणून पुन्हा आत आले. पंधरा दिवस हे असं चाललंय. एका जागी बसवत नाही, आणि उठले की कशासाठी उठले ते आठवत नाही.

मी त्या शहरात जाऊन आले, पपा. तुझ्या त्या शहरात. नाव लिहीत नाही, कारण तू ते ज्या तऱ्हेने म्हणायचास ते मला अक्षरांत बसवता येत नाही, आणि तिथले लोक म्हणतात ते नाव मला अजून परकं वाटतं. तुझा नातू, तू गेलास तेव्हा दोन वर्षांचा होता तो, आता प्रवासी बोटीवर स्वयंपाकघरात आहे. पांढरी टोपी घालून दिवसाला शेकडो माणसांचं सॅलड कापतो. तुझ्या धंद्यात गेला म्हण ना. कामगारांच्या घरच्यांना बोटीवर आठ दिवस नेता येतं, तसं त्याने मला नेलं. त्याच्या वडिलांचे गुडघे गेलेत, त्यामुळे मी एकटीच. कुठल्या कुठल्या बंदरांत थांबणार ती यादी त्याने मला आधी फोनवर वाचून दाखवली होती, आणि चौथं नाव ऐकल्यावर मी त्याला म्हटलं, पुन्हा वाच. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याच्यासमोर ती गोष्ट कुणी कधी काढलीच नव्हती.

ती गोष्ट तू पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुमची बोट नादुरुस्त होऊन, ते शहर ज्या बेटावर आहे त्याच्या गोदीत तीन आठवडे अडकली होती. तू घरी आलास तो गणपतीच्या आधी, आणि दुसऱ्याच दिवशी आईला चुलीपासून बाजूला करून स्वतः रांधायला बसलास. बोटीवर तू साहेबलोकांना वाढायचं काम करायचास, पण घरी आलास की स्वयंपाक तुझा. आई कुरकुरायची, पसारा मात्र मीच काढायचा म्हणायची, आणि उंबऱ्यावर बसून तुझ्याकडे बघत राहायची. तू कांदा परतता परतता सांगतो आहेस, आम्ही तिघं भावंडं पाटावर बसलोत. एका रविवारी सुट्टी मिळाली, होडीतून खाडी ओलांडून पलीकडे गेलास, तटाच्या पायऱ्या चढून वर आलास तर भला मोठा चौक, आणि चौकाच्या एका अंगाला राजवाडा. 'भायरसून कचेरी, भितूर राजवाडो,' असं तू म्हणायचास. दारावरच्या शिपायाने तुझ्याकडे एकदा बघितलं आणि आत जा म्हणून मान हलवली. आत अंगण, अंगणात उंच भिंतीवर घड्याळ, आणि घड्याळाच्या वर मधोमध घंटा आणि दोन्हीकडे एकेक काशाचा माणूस, हातात हातोडा घेतलेला. तास भरला की दोघे आळीपाळीने घाव घालतात. पण डाव्या माणसाचा हात वाकलेला. तो हातोडा उगारतो, खाली आणतो, आणि घाव घंटेपर्यंत पोचत नाही.

हे सांगताना तू आमटीचा डाव घ्यायचास आणि टोपाच्या झाकणावर एक ठोका मारायचास, ठण्ण. मग डाव उचलून, तितक्याच जोराने, हवेत एक. मग झाकणावर. मग हवेत. असे बारा, आणि आम्ही मोजायचो तर सहाच. 'बारा वाजता सहा टोले,' तू म्हणायचास, 'तेंका अर्ध्याच दिवसाचा काम.' धाकटा हसून हसून पाटावरून कलंडायचा. तुझ्या प्रत्येक सुट्टीत आम्ही ती गोष्ट मागून घेतली.

मी सहावीत असताना निबंध आला, माझे वडील. मी ते सगळं लिहिलं, होडी, पायऱ्या, शिपाई, काशाची माणसं. गुरुजींनी माझी वही उचलून वर्गात मोठ्याने वाचायला घेतली तेव्हा मला वाटलं, निबंध आवडला. सहा टोल्यांशी आले आणि थांबले. चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. कुठला राजा बारा वाजता सहा टोले देणारं घड्याळ घरात ठेवील, असं त्यांनी वर्गाला विचारलं आणि वर्ग हसला. बोटीवर बश्या उचलणाऱ्या माणसाला राजवाड्यात कोण घेणार, हेही विचारलं. ते वाईट माणूस नव्हते, पपा, मी पुढे त्यांच्याच हाताखाली चार वर्षं नोकरी केली. पण त्या दिवशी त्यांना वर्ग हसतोय याची गोडी लागली. म्हणाले, "निबंधात खरं ते लिहावं. आणि खरंच असेल तर उद्या वडिलांना घेऊन ये. त्यांच्या तोंडून ऐकू."

तू नेमका घरी होतास. मी सांगितल्यावर लगेच हो म्हणालास. दुसऱ्या दिवशी आईने तुझा पांढरा सदरा इस्त्री केला. मी आधी गेले, तू दहाच्या सुट्टीनंतर येणार होतास. आमचा वर्ग फाटकाच्या समोर होता. फाटकाशी उंडिणीचं झाड होतं, त्याखाली तू आलेला मला दिसलास, केस पाणी लावून चापून बसवलेले, सदरा लांबूनही चकाकत होता. मी न राहवून उभीच राहिले आणि म्हटलं, ते बघा माझे पपा आले. चाळीस मुलांनी खिडकीकडे माना वळवल्या. गुरुजीही खिडकीशी आले. तू फाटकाच्या कडीला हात लावलास. आत, व्हरांड्यात, मुख्याध्यापक कुणा गावकऱ्याशी चढ्या आवाजात, छापील मराठीत बोलत होते. तू कडी धरून उभा होतास. मग सोडलीस, मागे फिरलास आणि चालू लागलास, भरभर, मागे न बघता. त्यानंतर शाळा संपेपर्यंत माझं नाव 'सहा टोले' पडलं.

घरी तू सांगितलंस की वाटेत काम निघालं. आई चुलीसमोर उकिडवी बसली होती, ती एवढंच बोलली, "पोरीक तोंडघशी घातलंस." तू विहिरीवर गेलास आणि गरज नसताना चार घागरी पाणी ओढलंस. मी तेव्हा तुझ्याशी आठ दिवस अबोला धरला. पण खरी गोष्ट अबोल्याची नव्हती. खरी गोष्ट ही की मी त्या दिवसापासून तुझं काहीच खरं मानेनाशी झाले. तू म्हणालास बर्फ पडताना बघितला, तर मला वाटायचं, कशावरून. तू परत जाऊन पत्र पाठवायचास, अमुक बंदरात आहे, तर मी पाकिटावरचा शिक्का बघायची.

आता दुसरा दिवस लिहायचा आहे. इथे मी मघाशी उठले होते.

मी चोवीस वर्षांची. नुकतीच नोकरी लागलेली. मला बघायला मुलाकडचे आले होते, मुलगा, त्याचे आईवडील आणि गोव्याहून आलेली एक आत्या. मुलाचे वडील शिक्षक, जपून बोलणारे. तू बोटीवरचं काम सोडून घरी येऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी सकाळपासून तू रांधलंस, आणि शेवटी साखर जाळून केलेलं ते कस्टर्ड, बोटीवर शिकलेलं, जे नाताळाशिवाय घरात होत नसे. जेवणं झाली, सगळे सैलावले, आत्याने तुला विचारलं की एवढं जग हिंडलात तर लक्षात काय राहिलं. तू डाव उचललास. तुझं तोंड उजळलं होतं. होडी झाली, पायऱ्या झाल्या, चौक झाला, शिपायाने मान हलवली. ते शिक्षक असलेले गृहस्थ चष्मा पुसत होते. मला ती खिडकी दिसली, त्या चाळीस माना दिसल्या. आता हे हसतील, असं वाटलं. तू झाकणावर पहिला ठोका मारलास, दुसऱ्यासाठी डाव वर उचललास आणि मी बोलले. माझा आवाज इतका मोठा येईल असं मला वाटलं नव्हतं.

"पपा, पुरे कर. तू कधी गेल्लंस राजवाड्यात? खोटा कित्याक सांगतंस?"

आईने माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं. मुलाच्या आईने हातातली वाटी खाली ठेवली. तुझा हात तसाच वर होता. किती वेळ ते सांगता येत नाही, फार नसेल. मग तू डाव खाली आणलास, कस्टर्डमध्ये घातलास आणि हसलास.

"खरा आसा तिचा," तू म्हणालास. "मी खंय गेलंय राजवाड्यात? बोटीवरच्या एका म्हाताऱ्यान सांगल्यान माका. गोष्ट बरी वाटता म्हणून आपली सांगतंय." आणि आत्याच्या ताटलीत आणखी कस्टर्ड वाढलंस.

मग सगळे हसले. मुलाचे वडीलही हसले, म्हणाले, मुलगी सरळ आहे, आम्हाला असंच माणूस हवं. सोयरीक त्याच संध्याकाळी ठरली. तुझ्या जावयाला ती गंमत इतकी आवडली की आमच्या घरात तो शब्दच झाला. कुणी काही फुगवून सांगितलं की हे म्हणतात, सहा टोले. मुलं लहान असताना अभ्यास झाला म्हणून थाप मारायची तर हे विचारायचे, किती टोले? मुलांना ते कुठून आलं हे माहीत नव्हतं. मीही हसायची. मी तर वर्गातही एकदा म्हटलं होतं, एका मुलाला.

तू पुढे नऊ वर्षं जगलास आणि ती गोष्ट पुन्हा सांगितली नाहीस. कुठलीच सांगितली नाहीस. एकदा मी माहेरी आले होते, तुझा नातू वर्षाचा असेल, तू त्याला मांडीवर घेऊन पडवीत बसला होतास. त्याच्या हातात चमचा. तू त्याचा हात धरून ताटलीवर एक ठोका मारलास, आणि मग त्याची मूठ वर हवेत नेलीस. तेवढ्यात मी बाहेर आले. तू माझ्याकडे बघितलंस आणि चमचा त्याच्या हातातून काढून खाली ठेवलास, एखाद्याने चोरी करताना कुणी बघितल्यावर ठेवावा तसा. मी ते बघितलं होतं, पपा. बघून आत निघून गेले.

तर बोट बंदराला लागली ती सकाळी सात वाजता. मी पाचपासून तयार होऊन बसले होते. पंजाबी ड्रेस, त्यावर लेकीचं जाकीट, आणि मुद्दाम घेतलेले खेळाचे बूट. माझ्या मुलाला चार तास मोकळे मिळणार होते, दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. साडेआठला तो धावत आला, त्याच्याबरोबरचा एकजण आजारी पडला होता. "ममा, माका सुट्टी गावली नाय. तू जा. वाट सरळ आसा, माणसांच्या मागसून चल. तीनाच्या आदी परत ये हां." त्याने माझं बोटीचं कार्ड गळ्यात अडकवलं आणि फोनमध्ये नकाशा लावून दिला. मला वाटलं, जाऊच नये. लगेच वाटलं, आत्ताच निघावं. माणसांचे लोंढे उतरत होते, त्यांत मी उतरले.

वर बघितलं तर तट. आपल्या किल्ल्याच्या तटाच्या तिप्पट उंच, मधाच्या रंगाचा दगड. आणि पायऱ्या. लिफ्ट होती, तिला रांग होती, मी पायऱ्यांनी गेले. दर वीस पायऱ्यांवर थांबत होते आणि थांबलं की चैन पडत नव्हतं. वर अरुंद गल्ल्या, लाकडी बंद सज्जे, एका दारातून भाजलेल्या पावाचा वास. मी तीन वेळा कार्ड चाचपलं, चार वेळा घड्याळ बघितलं. आणि गल्ली संपली तसा एकदम चौक आला.

तो तसाच होता. म्हणजे, तसा नव्हता. तू सांगितलेला चौक मोटारींनी भरलेला होता. आता तिथे मोटार नाही, फरशीतून पाण्याच्या धारा उडतात आणि पोरं त्यांतून ओरडत पळतात, कडेला छत्र्या लावून लोक कॉफी पितात. पण एका अंगाला लांबलचक, दोन मजल्यांची साधी इमारत होती. नक्षी नाही, मनोरे नाहीत. आपल्या तहसील कचेरीला थोडी अधिक उंची दिली तर दिसेल तशी. मी एका बाईला विचारलं, राजवाडा कुठे? तिने त्याच इमारतीकडे हात केला. मी तिथेच उभी राहिले. बाहेरून कचेरी.

मनात लगेच दुसरा आवाज उठला, की हे तर कुणीही सांगू शकतं. चौकात आला असेल, दारावरून परत गेला असेल. फाटकावरून परत जायची सवयच त्याला. असं मी त्या उन्हात उभी राहून मनात म्हटलं, पपा. तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून लिहिते आहे.

तिकीट काढून आत गेले. वरच्या दालनांत छतांवर चित्रं होती, लोखंडी चिलखतं ओळीने उभी होती, लोक फोटो काढत होते. मी काहीच धड बघितलं नाही. खाली अंगणात आले तर भिंतीवर घड्याळ होतं. घंटा होती. दोन काशाची माणसं होती, हातात हातोडे. दोघांचेही हात सरळ. साडेअकरा झाले होते. अंगणात एक दगडी बाक होतं, त्यावर बसले, उठले, अंगणाला दोन फेऱ्या मारल्या, चौकात जाऊन आले. पहारेकऱ्याला तिकीट दाखवून पुन्हा आत आले तेव्हा तो हसला. बारा वाजले. माणसं हलली. उजव्याने घाव घातला, ठण्ण. डाव्याने हातोडा उगारला, खाली आणला, आणि ठण्ण. मी बोटांवर मोजत होते. पूर्ण बारा झाले, एकही कमी नाही.

मला काय वाटलं ते सांगते. हलकं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. म्हणजे मी बरोबर होते. तू खरंच कुणाकडून तरी ऐकलं होतंस, आणि अर्धं मनाने रचलं होतंस. मी त्या दिवशी बोलले ते वाईट बोलले, पण खोटं नव्हते बोलले. चाळीस वर्षं एवढ्यावरच तर मी उभी होते. मी पर्स खांद्याला लावली.

दाराजवळच्या खुर्चीवर एक बाई बसली होती, तिथलीच, निळ्या कोटातली, माझ्याच वयाची असेल. मी बोटांवर मोजताना तिने बघितलं होतं. इंग्रजीत म्हणाली, पूर्ण बारा झाले ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, आमच्या लहानपणी सहाच व्हायचे.

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिला वाटलं मला इंग्रजी कळलं नाही, म्हणून ती उभी राहिली आणि हातांनी दाखवू लागली. खुर्चीच्या पाठीवर तिने मुठीने एक ठोका मारला. मग मूठ वर नेली, आणि तितक्याच जोराने, हवेत. मग खुर्चीवर. मग हवेत. म्हणाली, डाव्याचा हात वाकलेला होता, आम्ही सगळी मुलं शाळेत बाकांवर हे वाजवायचो आणि मार खायचो. मग मला जिन्याखालच्या एका काचेच्या कपाटाशी घेऊन गेली. तिथे जुना फोटो होता, डावा माणूस, हात कोपरापासून आत वळलेला, हातोडा आणि घंटा यांच्यामध्ये वीतभर अंतर. खाली लिहिलं होतं कुठल्या साली दुरुस्त केलं. मी दहावीला होते ते साल. तू तिथे जाऊन आलास त्यानंतर सहा वर्षांनी. मी विचारलं, तेव्हा बोटीवरच्या परक्या माणसाला आत सोडत असत का? ती म्हणाली, रविवारी अंगण सगळ्यांना उघडं असायचं, गोदीत अडकलेले खलाशी तर नेहमी यायचे, त्यांना दुसरं करण्यासारखं काय होतं?

मी रडले नाही. मला तुझा राग आला. इतका राग तुझा मला जिवंतपणी आला नव्हता. तू गेला होतास. तू त्या अंगणात उभा राहून बारा मोजले होतेस. मग ते म्हाताऱ्याचं कशाला सांगितलंस? मी त्या चौकाला फेऱ्या मारत राहिले, पाण्याच्या धारांतून, छत्र्यांमधून, बूट भिजले तरी. तुला म्हणता आलं असतं, गेलो होतो, बस. शिपायाचं नाव सांगता आलं असतं, वार सांगता आला असता, माझ्यावर ओरडता आलं असतं. अडीच वाजता फोन वाजायला लागला तेव्हा मी भानावर आले. पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाही. बोटीच्या दारात मुलगा टोपीसकट उभा होता, घाबरलेला. बघितलंस ना सगळं, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, हो, छान होतं, आणि खोलीत जाऊन ओले बूट काढत बसले.

उरलेले चार दिवस मी त्या खोलीत तोच दिवस उलटसुलट केला. घरी मुलगी बघायला माणसं आलेली, आणि मुलीने भरल्या ताटांवर बापाला खोटारडा म्हटलं. तू 'नाही, खरं आहे' म्हणाला असतास तर दोघांपैकी एक खोटं ठरलं असतं, आणि ती माणसं ज्याच्यासाठी आली होती तो तू नव्हतास. हे तू डाव खाली आणायला लागला तेवढ्या वेळात ठरवलंस. आणि तुझ्या हसण्यावरून मी समजले, पकडला गेला. नऊ वर्षं त्याच घरात येत-जात राहिले, कस्टर्ड खात राहिले, आणि एकदाही विचारलं नाही.

फाटकाचं मला अजून पक्कं कळलेलं नाही. पण नोकरीत असताना माझ्या शाळेच्या फाटकाशीही बाप यायचे, चुरगळलेला नाहीतर नको इतका इस्त्रीचा सदरा घालून, आणि कडी धरून उभे राहायचे. आतल्या भाषेत बोलता येणार नाही म्हणून. मी वर्ग सोडून बाहेर जायची आणि मुद्दाम मालवणीत म्हणायची, 'भितूर येवा, कित्याक उभे रवलात?' त्याबद्दल लोक माझं कौतुक करायचे. इतकी वर्षं मी परक्या बापांना आत बोलावलं, आणि त्यांच्यात तू कधी दिसला नाहीस मला. दिसायला हवा होतास.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते मलाही कळतं. वहीतली पानं आहेत, वहीतच राहतील. गुरुजी गेले, आई गेली, ते चष्मा पुसणारे सासरे गेले, सासूबाई गेल्या, आत्या गेली. त्या जेवणाला असलेल्यांपैकी आता आम्ही दोघंच उरलो, मी आणि तुझा जावई. कपाटातला तो फोटो मी फोनमध्ये टिपून आणला आहे, वाकलेल्या हाताचा. आठवड्यातून दोनदा तरी ह्यांच्या तोंडून तो शब्द येतो, कालच टीव्हीवर कुणी पुढारी बोलत होता तर आलाच. मला सांगायचं आहे की हे थांबवा. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागेल, त्या दिवशी मी काय केलं ते, आणि ती ह्यांच्या लेखी आमच्या लग्नाची सगळ्यात गोड आठवण आहे.

विमानतळावरून आले त्या दुपारी हे पडवीत खुर्ची टाकून वाटच बघत होते. बॅग खाली ठेवायच्या आधी हसत विचारलं, "काय गो, तुझ्या पपाचो राजवाडो बघितलंस? टोले किती?"

मी म्हटलं, बंद होता.